हृदयाचा ‘थॅलियम’ स्कॅन म्हणजे काय?



ओझे घेऊन चढ चढताना वाडीवरच्या एका ठाकर काकांच्या छातीत कळ यायची. डॉक्टरांनी हृदयाचा न्यूक्लिअर स्कॅन सांगितला. ‘अणू’ शब्द कानावर पडताच काका उठून उभेच राहिले. “माका नको तां इंजेक्शन!” जैतापूर आपल्या शेजारी, त्यामुळे या शब्दाची धास्ती आपल्याला नवी नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

माडांच्या बागेतला पाट आठवा. पाट कुठे गाळाने भरला हे पाहणे वेगळे आणि शेवटच्या माडाच्या मुळाशी पाणी पोचते का हे पाहणे वेगळे. अँजिओग्राफीत रक्तवाहिनी कुठे अरुंद झाली ते दिसते, तर या स्कॅनमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरते का ते कळते. पाटाची खरी परीक्षा मे महिन्यात! म्हणून रुग्णाला ट्रेडमिलवर चालवतात. चालणे जमत नसेल तर औषध देतात. त्याच वेळी शिरेतून किरणोत्सारी द्रव्य सोडतात. रक्त पोचेल तिथल्या स्नायूत ते उतरते आणि गॅमा कॅमेरा त्याचे चित्र घेतो. विश्रांतीतही असेच चित्र घेतात. श्रमात रिकामी दिसलेली जागा विश्रांतीत भरली, तर स्नायू जिवंत आहे, पण श्रमाच्या वेळी त्याला रक्त कमी पडते. दोन्ही वेळा रिकामीच राहिली, तर बहुधा तो जुन्या झटक्याचा व्रण असतो.

लोक ‘थॅलियम’ म्हणतात, पण हल्ली बहुधा टेक्नेशियम वापरतात. त्याची किरणशक्ती दर ६ तासांनी निम्मी होते. २४ तासांनी सोळावा हिस्सा उरतो. त्यामुळे ते साठवता येत नाही. मॉलिब्डेनमच्या ‘जनरेटर’मधून ते रोजच्या रोज, दूध काढावे तसे काढतात, जाणकार त्या यंत्राला गंमतीने गायच म्हणतात! म्हणूनच ही सोय मोठ्या शहरांत असते. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे.

किरणांची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षा जास्त असते, म्हणून गरज असेल तरच हा स्कॅन करतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने आणि दम्याच्या रुग्णाने आधी सांगावे. नेहमीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी वर्ज्य. स्कॅननंतर पाणी भरपूर प्यावे.

काका अखेर तयार झाले. सुईबद्दल अवाक्षर नाही, पण चहा मिळाला नाही म्हणून गाडीत सारखी कुरकुर! त्यांच्या चित्रातली रिकामी जागा विश्रांतीत भरून आली. आता पुढच्या उपचाराची तारीख मिळाली आहे.