साधन, शिक्षक आणि पद्धती : तंजावरच्या अनुभवाचा अर्थ

वर्गात नवे साधन आले म्हणजे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एका पक्षाला वाटते की आता साधनच शिकवील. दुसऱ्याला वाटते की साधनामुळे शिकवणेच संपेल. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. शिक्षक दोघांच्याही दृष्टिआड झालेला असतो. साधन केव्हा फलदायी होते आणि केव्हा अडगळीत पडते, हा प्रश्न शिक्षकाला मध्यभागी ठेवूनच तपासला पाहिजे. त्यासाठी संगणकाच्या युगापर्यंत येण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रापासून दूर, कावेरीच्या खोऱ्यात, मराठी भाषेने हा अनुभव दोनशे वर्षांपूर्वीच घेतलेला आहे. त्याच्या एका बाजूस तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांची मुद्रणशाळा आहे, तर दुसऱ्या बाजूस कुंभकोणमजवळचे मरुदानल्लूर हे लहानसे गाव.

सरफोजींची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजांकडे किल्ला व त्याच्या परिसरापुरती सत्ता उरली. राज्य हातचे गेलेल्या या राजाने आपले लक्ष विद्येकडे वळविले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. युरोपीय ज्ञानाची ओळख त्यांना लहानपणीच झाली होती. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली वाढ सर्वश्रुत आहे. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी उभारलेली ‘नवविद्याकलानिधी’ शाळा आणि १८०५ मध्ये तंजावरात सुरू केलेला देवनागरी छापखाना. या छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक निघाले. इसापाच्या गोष्टींचे सख्खन पंडितांनी केलेले हे मराठी भाषांतर होय.

छापील पुस्तक हे त्या काळचे नवे तंत्रज्ञान होते, हे आपण सहसा विसरतो. हस्तलिखितावर चालणाऱ्या शाळेत पाठाचे मूळ गुरूपाशी असे. विद्यार्थी ऐकून, घोकून किंवा उतरून घेत. नकलेगणिक पाठभेद होत. छापील पुस्तकाने प्रथमच एक पाठ अनेकांच्या हाती एकाच रूपात देता येऊ लागला. उतरून घेण्यात जाणारा वेळ अर्थ सांगण्यासाठी मोकळा झाला. सरफोजींनी या साधनातून बालकांसाठी छापले ते मुलांना कळतील अशा गोष्टींचे पुस्तक, आणि तेही मराठीत, ही निवड लक्षणीय आहे.

याहूनही बोधप्रद उदाहरण आहे ते सरफोजींच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यकृतीचे. कुरवंजी हा मूळ तमिळ नाट्यप्रकार. भविष्य सांगणारी, रानावनांतून हिंडणारी कुरत्ती रंगभूमीवर येते आणि आपल्या डोंगराचे, पाहिलेल्या मुलखांचे वर्णन गाऊन करते, असा त्याचा संकेत. सरफोजींच्या कृतीत हीच कुरत्ती पृथ्वीवरील खंडे, देश आणि नगरे यांची माहिती पदांतून सांगते. भूगोल ही विद्या नवी होती, पण ती सांगणारी पात्ररचना आणि ऐकण्याची सवय प्रेक्षकांच्या घरचीच होती. नव्या आशयाला परिचित रूपाचा आधार देणे, हे अध्यापनाचे एक मूलतत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले आहे.

असे असूनही या उद्योगाचे पुढे काय झाले? छापखान्यातून निघालेले ग्रंथ मोजकेच राहिले. १८५५ मध्ये वारसाअभावी तंजावरची गादी खालसा झाली. आश्रय संपताच मराठी विद्येचा तो संसार आटत गेला. राजाने साधन आणले होते. ते आपल्या बळावर पुढे नेणारा शिक्षकवर्ग मात्र उभा राहिला नाही.

आता मरुदानल्लूरकडे पाहू. सरफोजींचे समकालीन सद्गुरुस्वामी यांचा मठ या गावी आहे. बोधेंद्र आणि अय्यावाळ यांनी दक्षिणेत प्रवर्तित केलेल्या नामसंकीर्तनाला सद्गुरुस्वामींनी निश्चित क्रम लावून दिला. त्या भजनपद्धतीत आज तोडयमंगल, अष्टपदी, तरंग यांच्याबरोबर मराठी अभंगही तमिळभाषक भागवतर गातात. पुढचा गातो, मागचे म्हणतात. मागे म्हणणाऱ्यांतूनच उद्याचा पुढे गाणारा तयार होतो. झांज आणि मृदंग यांत कालांतराने पेटी आली, ध्वनिक्षेपक आला, ध्वनिमुद्रणही आले. त्यामुळे पद्धती मोडली नाही, कारण साधने तिच्या सेवेत आली; त्यांनी तिची जागा घेतली नाही.

भजन म्हणजे वर्ग नव्हे, हे खरे. तेथे श्रद्धेचे बळ असते, आणि शंका विचारण्याला वर्गात जे स्थान आहे ते तेथे नसते. म्हणून ही तुलना एका मुद्द्यापुरतीच घ्यावी. जी व्यवस्था आपले शिकविणारे स्वतः घडविते ती टिकते. जी केवळ साधन पुरविते ती पुरविणाऱ्याबरोबर संपते.

आजच्या प्रयत्नांकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. २०१७ पासून ‘दीक्षा’ या राष्ट्रीय योजनेद्वारे पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड दृक्‌श्राव्य पाठांशी जोडले जाऊ लागले. बालभारतीची पुस्तकेही त्यांत आली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो अशाच क्यूआर कोडयुक्त पुस्तकांच्या कार्यासाठी. येथे कल्पनेचा उगम कोणा कार्यालयात नसून वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकापाशी होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

परंतु एका शिक्षकाची कल्पकता आदेशाने हजारोंना वाटता येत नाही. यंत्र कोठे दाबावे हे दोन दिवसांच्या शिबिरात सांगता येते. कोणता पाठ यंत्राने सांगावा आणि कोणत्या वेळी यंत्र बंद करून मुलांकडे पाहावे, हे सांगता येत नाही. त्यासाठी शिक्षकाला पूर्वतयारीचा वेळ हवा, मुलांच्या भाषेतील साहित्य हवे, अडल्यास विचारता येईल असा जवळचा अनुभवी सहकारी हवा, आणि निरुपयोगी ठरलेले साधन बाजूला ठेवण्याचे स्वातंत्र्य हवे. यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीला पैसा फारसा लागत नाही. म्हणूनच बहुधा अंदाजपत्रकांत त्यांचा उल्लेख नसतो.

तंजावरचे ‘बालबोध मुक्तावली’ आज अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय झाले आहे. मरुदानल्लूरच्या परंपरेतला अभंग मात्र अजून गायिला जातो. साधनांवर खर्च करणाऱ्यांनी या दोहोंतील अंतर मनात वागवावे, एवढीच अपेक्षा.