भीड भिकेची बहीण
(बांधकामावर जाण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न)

उन्हाळी परीक्षा संपली, की आपल्या महाविद्यालयातील काही मुले मामाच्या गावाला जातात आणि काही पुण्या-मुंबईला जातात. ही दुसरी मुले तेथे काय करतात, हे ती सहसा कोणाला सांगत नाहीत. मी सांगतो. ती घमेली उचलतात, वाळू चाळतात, स्लॅबच्या दिवशी रात्री अकरापर्यंत माल वाहतात. बारावीची परीक्षा झाल्यावर मीही पुण्यास एका इमारतीच्या कामावर बिगारी म्हणून गेलो होतो. त्या वेळी जे प्रश्न मी विचारले नाहीत, ते येत्या मे महिन्यात कामावर जाणाऱ्या मित्रांनी विचारावेत, एवढ्यासाठीच हा लेख.

मला नेणारे मुकादम आमच्याच गावचे, नात्याने मामा. आई म्हणाली, "मामाच हायेत, त्यास्नी काय इचारायचं?" मीही विचारले नाही. रोज साडेचारशे रुपये, एवढे ऐकले आणि टेंपोत बसलो. राहावयास पत्र्याची खोली होती. तिच्या भिंतीवर मी कोळशाने रोज एक रेघ ओढत असे. परत निघालो त्या दिवशी ४२ रेघा होत्या. माझ्या हिशोबाने १८,९०० रुपये झाले होते. त्यांतून सहा वेळा घेतलेली हजार-हजारांची खर्ची वजा जाता १२,९०० रुपये मिळावयास हवे होते.

मामांची वही निराळी होती. तिच्यात ३६ दिवस होते. चार दिवस दुपारनंतर माल संपल्याने काम थांबले, ते पूर्ण गेले. दोन दिवस सिमेंट आले नाही म्हणून आम्ही नुसते बसून होतो, तेही गेले. शिवाय दर दिवसामागे पन्नास रुपये मुकादमी. म्हणजे ३६ दिवसांचे चारशेप्रमाणे १४,४०० रुपये. त्यांतून खर्चीचे सहा हजार आणि किराण्याचे २,४०० गेले. हातात आले सहा हजार. प्रवेशाचे पैसे भरण्यासाठी आईने शेवटी बचत गटातून कर्ज काढले.

मामांना मी लबाड म्हणणार नाही. मी त्यांना काही विचारले नव्हते आणि त्यांनी काही कबूल केले नव्हते. दोघांच्या मध्ये नुसती भीड होती, आणि भीड ही भिकेची बहीण असते हे आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना कधीचेच ठाऊक आहे.

पहिला प्रश्न : मी कोणाचा माणूस? बांधकामावर मालक, बिल्डर, मोठा ठेकेदार, त्याच्या हाताखालचा सेंट्रिंगचा किंवा प्लॅस्टरचा ठेकेदार आणि मुकादम अशी उतरंड असते. मजूर फक्त सर्वांत खालच्या माणसाला ओळखतो. माझे वडील गवंडी आहेत. काही वर्षांपूर्वी परांचीची फळी सरकून ते पडले व टाच मोडली. ठेकेदाराने पहिल्या दिवसाचा दवाखान्याचा खर्च दिला आणि पुढे "तो माझा माणूस नव्हे, मुकादमाचा" असे सांगितले. मुकादम म्हणाला, "मी स्वतःच मजूर." कामावर असताना इजा झाली तर भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ सालापासून आहे, आणि ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतही ही दोन्ही तत्त्वे आहेत. परंतु मालकाचे नावच ठाऊक नसेल, तर मागावयाचे कोणाकडे? म्हणून साइटवरच्या फलकावरील बिल्डरचे व ठेकेदाराचे नाव पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.

दुसरा प्रश्न : रोज किती, आणि किती तासांचा? रोजाने काम आहे की उक्ते, हे आधी ठरवावे. अर्धा दिवस कसा धरणार? माल न आल्यामुळे बसून राहिलो तर काय? आठ तासांनंतर किती? जादा कामाला दुप्पट दर द्यावा असे कायदा म्हणतो, आमच्याकडे मात्र रात्रीच्या स्लॅबला भजी-पाव मिळतो. मुकादमी कोण देणार, तेही विचारावे. किमान वेतनाचे दर शासन जाहीर करते. ते तालुक्याच्या गावी कोणाकडून तरी पाहून घ्यावेत. आणि आपल्या आई-बहिणी बरोबर जाणार असतील, तर त्यांचाही रोज वेगळा विचारावा. सारख्या कामाला बाईला व पुरुषाला सारखी मजुरी द्यावी, हे १९७६ च्या कायद्याने सांगितले, तरी तेच घमेले त्याच जिन्याने चढविणाऱ्या बाईला कमी पैसे मिळताना मी रोज पाहिले.

मुकादमीवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यांच्या बांधकामावरील मजुरांना ९ रुपये २५ पैसे किमान रोज होता. त्यातला एक रुपया जमादार कापून घेत व मजुराच्या हाती सव्वाआठ रुपये पडत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या निकालपत्रात असे म्हटले आहे, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरीच होय. राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी हा खटला शिकविला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मामांची वही उभी राहिली.

तिसरा प्रश्न : पैसे केव्हा, आणि कोणाच्या हातून? बहुतेक ठिकाणी आठवड्याला खर्ची आणि काम संपल्यावर हिशोब, अशी रीत आहे. ही रीतच मजुराला बांधून ठेवते. मागे राहिलेल्या पैशांसाठी तो वाईट काम सोडून जाऊ शकत नाही. कायद्याप्रमाणे रोजावर असेल तर दिवसाचे काम संपताना, आठवड्याने असेल तर आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, महिन्याने असेल तर पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मजुरी मिळावयास हवी. काम सोडल्यास दोन दिवसांत. निदान पंधरा दिवसांनी हिशोब, एवढे तरी कबूल करून घ्यावे. आणि स्वतःची वही ठेवावी. भिंतीवरच्या रेघा साइटवरच राहतात. वहीत रोज तारीख, काम, तास आणि घेतलेली खर्ची लिहावी; आठवड्याला मुकादमाची सही घ्यावी.

चौथा प्रश्न : उचल कोणत्या बोलीवर? पावसाळ्याच्या तोंडी घरात पैसा लागतो व माणूस उचल घेतो. उचल घेऊ नये असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात लग्न किंवा आजार आहे त्याला हे सांगणे सोपे नसते. परंतु किती दिवसांत फिटणार, दर दिवसाला किती कापणार, मध्येच आजारी पडलो तर काय, हे दोन साक्षीदारांपुढे ठरवावे. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाऊ न देणे याला वेठबिगारी म्हणतात आणि ती १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पाचवा प्रश्न : काम कोणते आणि किती उंचीवर? "मिळेल ते करू" असे म्हणू नये. बाहेरच्या बाजूचे प्लॅस्टर असेल तर कमरेचा पट्टा आहे का, आणि तो अडकवायला दोर आहे का? हेल्मेट कोण देणार, की त्याचे पैसे कापणार? परांचीला कठडा आहे का? पुरुषभर खोल चर खणायचा असेल तर बाजूची माती ढासळू नये म्हणून फळ्यांचा आधार देणार का? ओल्या जागी विजेच्या तारा उघड्या आहेत का? उंचीवर चढण्याची सवय नसेल तर ते आधीच सांगावे. त्यात कमीपणा नाही.

सहावा प्रश्न : राहणे, पाणी, संडास? बांधकामाजवळ राहण्याची तात्पुरती जागा मालकाने फुकट द्यावी, अशी जबाबदारी १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने घातली होती. प्रत्यक्षात खोलीचे भाडे कापले जाते का, पिण्याचे पाणी कोठून येते, बायकांसाठी दार असलेला संडास आहे का, हे विचारून घ्यावे. हा शेवटचा प्रश्न पुरुष विचारत नाहीत आणि बायकांना विचारता येत नाही.

सातवा प्रश्न : नव्वद दिवसांचा दाखला देणार का? आपल्या राज्यात महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन त्यातून मजुरांसाठी योजना चालवितात. अठरा ते साठ वयाच्या ज्या मजुराने वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केले, त्याची नोंदणी होते. नोंदणी असलेल्याच्या मुलांना पदवीच्या शिक्षणासाठीही साहाय्य मिळते. माझ्या वडिलांनी वीस वर्षे इमारती बांधल्या. कागदावर त्यांचे नव्वद दिवसही नाहीत. दाखला द्यायला कोणी तयार झाले नाही, कारण काम सुरू होण्यापूर्वी कोणी तो मागितला नव्हता.

आता खरी अडचण. "एवढं इचारलं तर कामच मिळंना," असे आई म्हणते, आणि तिचे खोटे नाही. मजूर अड्ड्यावर सकाळी आठ वाजता शंभर माणसे उभी असतात. प्रश्न विचारणारा मागे राहतो आणि गप्प बसणारा टेंपोत चढतो. म्हणून एकट्याने विचारू नये. गावातून पाच-सहा जण जाणार असतील तर सर्वांनी मिळून, मुकादम गावात आलेला असतानाच विचारावे. गावात असेपर्यंत त्याला आपली गरज असते. पुण्याला उतरल्यावर, परतीचे भाडे खिशात नसताना, गरज आपल्याला असते. तेच प्रश्न गावात मोलाचे आणि तेथे कवडीमोल.

गेल्या उन्हाळ्यात, २०२५ साली, आम्ही चौघे जण असे विचारून गेलो. पहिल्या मुकादमाने "लई शिकलाय का रं?" म्हणून आम्हांला वाटेला लावले. त्यात सहा दिवस गेले. दुसऱ्याने सातांपैकी चार प्रश्नांची नीट उत्तरे दिली. दाखला काही त्याने दिला नाही. पण पंधरा दिवसांनी हिशोब झाला आणि त्याची वही व माझी वही जुळली. द्वितीय वर्षाचे प्रवेशाचे पैसे मी त्यातून भरले.

आमच्या घरात लिहिता येणारा मी पहिलाच. सुटीत जे मित्र कामावर जाणार नाहीत, पण ज्यांचे आई-वडील रोज जातात, त्यांना माझी एकच विनंती आहे. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना विचारा, "आज कुठं होता? किती तास? किती मिळालं?" आणि ते एका वहीत, तारीख घालून, लिहून ठेवा. नव्वद ओळी व्हायला तीनच महिने लागतात.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला