मनाच्या आतली गोष्ट

दोस्तांनो, दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं कुलूपबंद होतात. माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. मागं आजीजवळ राहिलेला तुमच्या वर्गातला एखादा मुलगा गप्प गप्प होतो. आपण विचारतो, "काय रे, तोंड का पाडलंस?" त्याला मात्र सांगता येत नाही.

असं सांगता न येणारं सांगायला गोष्ट उपयोगी पडते. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली. तिच्यात पांडुरंग सांगवीकर स्वतःच आपली हकिकत सांगतो. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते. सांगणारा तोच असल्यामुळं आपण त्याचं दुःख लांबून बघत नाही, त्याच्या आत जाऊन बसतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या सिनेमातल्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे. या आजारात माणसाला भास होतात, नसलेले आवाज ऐकू येतात. शेषचं जग पाहिल्यावर कुणाला ‘येडा’ म्हणायला जीभ वळत नाही.

दुःख म्हणजे आजार नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पण झोप, जेवण, अभ्यास, खेळ सगळंच आठवडेच्या आठवडे बिघडलं, तर मोठ्यांना सांगा. १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ नंबरावर फुकट बोलता येतं.

आणि तो गप्प दोस्त? मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसून डबा उघडा. तो बोलायला लागला, की फक्त ऐका.