लहान व्यासाची गोळी आणि शीघ्र मृत्यूचा निकष : बार्शी परिसरातील हरीण व पीकसंरक्षण यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

बार्शी-सोलापूर रस्त्यावरील नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. माळढोक आता तेथे अत्यंत दुर्मीळ झाला आहे. मात्र ज्या गवताळ माळाला त्याच्यामुळे संरक्षण लाभले, त्याच माळावर काळविटांचे कळप टिकून राहिले. कळप माळापुरता थांबत नाही. ज्वारी, हरभरा व तूर यांची कोवळी पिके त्याला शेतात खेचून आणतात आणि रात्रभर राखण करूनही कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती तुटलेले शेंडे उरतात. अशा वेळी वन्य प्राणी मारण्याची परवानगी मिळावी, ही मागणी पुढे येते. परवानगी द्यावी की नाही, यावर पुष्कळ चर्चा होते. परवानगी दिलीच तर प्राणी कोणत्या शस्त्राने व कोणत्या गोळीने मारावा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

हरीण : शब्द आणि वर्गीकरण :

मराठीत 'हरीण' हा शब्द सैलपणे वापरला जातो. काळवीट व चिंकारा हे शास्त्रीयदृष्ट्या कुरंग होत. त्यांची शिंगे पोकळ, आतील हाडावर बसलेली व कायम टिकणारी असतात. चितळ, सांबर व भेकर हे मृगकुळातील प्राणी असून नराची शिंगे ठरावीक काळाने गळतात व पुन्हा उगवतात. गोळीच्या दृष्टीने मात्र कुळापेक्षा शरीराचे वजन व छातीची रुंदी महत्त्वाची ठरते. चिंकारा साधारण वीस-पंचवीस किलोचा, काळवीट नर चाळीस किलोच्या आसपासचा, चितळ नर सत्तर ते नव्वद किलोचा असतो. पूर्ण वाढलेला नीलगाय नर, ज्यास आपल्याकडे रोही म्हणतात, दोनशे किलोहून अधिक भरतो. एकच गोळी या सर्वांना सारखी लागू पडत नाही.

गोळीमुळे मृत्यू कसा येतो :

नैतिक शिकारीच्या संकल्पनेत नेमबाजाच्या कौशल्यापेक्षा प्राण्याच्या यातनांचा काळ मोजला जातो. गोळी हृदय व फुप्फुसांच्या भागातून गेली म्हणजे रक्तदाब कोसळतो, मेंदूस प्राणवायू मिळत नाही व प्राणी काही सेकंदांत शुद्ध हरपतो. तेवढ्या वेळातही तो पन्नास-शंभर मीटर धावू शकतो. गोळी पोटात लागल्यास तोच प्राणी तासन् तास, प्रसंगी दिवसभर जिवंत राहतो व झुडपात जाऊन मरतो. डोक्यात मारलेली गोळी तत्काळ परिणाम करते. परंतु मेंदू अगदी लहान असल्याने थोड्याशा चुकीने जबडा फुटतो आणि प्राणी उपासमारीने मरतो. म्हणून जाणकार शिकारी छातीचा नेम धरतात.

छातीत शिरलेली गोळी पुरेशी खोल गेली पाहिजे आणि आत गेल्यावर रुंद झाली पाहिजे. येथे गोळीची घडण निर्णायक ठरते. संपूर्ण धातूचे कवच असलेली गोळी बहुधा न पसरता आरपार जाते व अरुंद छिद्र पाडते. टोकाशी शिसे उघडे असलेली किंवा टोक पोकळ असलेली गोळी आत जाताच छत्रीसारखी उमलते. अशाच उमलणाऱ्या गोळ्या कलकत्त्याजवळील दमदम येथील शस्त्रकारखान्यात १८९० च्या दशकात तयार झाल्या. १८९९ च्या हेग परिषदेच्या घोषणापत्राने त्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. शिकारीत मात्र हीच गोळी अधिक दयाळू समजली जाते. युद्धात सैनिक लढण्यास असमर्थ झाला तरी हेतू साध्य होतो. शिकारीत अर्धवट जखम हाच सर्वांत मोठा अपराध असतो.

लहान व्यासाच्या गोळीची मर्यादा :

बोलण्यात 'पॉइंट टू टू' म्हटली जाणारी ०.२२ इंच व्यासाची साधी रायफल ४० ग्रेन, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम वजनाची गोळी सेकंदास साधारण १,२०० फूट वेगाने सोडते. तिची ऊर्जा जेमतेम १३० फूट-पौंड भरते. नेमबाजीचा सराव व ससा-उंदरासारखे प्राणी हेच तिचे क्षेत्र होय. जवळजवळ तेवढ्याच व्यासाचे ०.२२३ रेमिंग्टन हे काडतूस ५५ ग्रेनची गोळी सुमारे ३,२०० फूट वेगाने सोडते व ऊर्जा १,२५० फूट-पौंडांवर जाते. ऊर्जा वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून व्यास सारखा असूनही दोहोंत जवळपास दहापट अंतर पडते. केवळ व्यास सांगून गोळीची योग्यता ठरत नाही, ती या कारणाने.

तथापि वेगवान लहान गोळीलाही तीन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा घडणीची. या व्यासाच्या अनेक गोळ्या कोल्ह्यासारख्या लहान प्राण्यांसाठी पातळ कवचाच्या केलेल्या असतात. हरणाच्या खांद्याच्या हाडावर आदळताच त्या फुटून वरवरची, रुंद पण उथळ जखम करतात. हरणासाठी जाड कवचाची, कवच व शिसे एकजीव केलेली किंवा संपूर्ण तांब्याची वजनदार गोळी लागते. दुसरी मर्यादा नळीची. वजनदार गोळी लांब असते व तिला स्थिर राखण्यासाठी नळीतील आटे अधिक घट्ट वळणाचे असावे लागतात. बारा इंचांत एक फेरा देणारी नळी ५५ ग्रेनची गोळी सरळ सोडते. सत्तर ग्रेनच्या पुढील गोळीला साधारण सात ते नऊ इंचांत एक फेरा हवा. चुकीच्या नळीतून उत्तम गोळीही भरकटते. तिसरी मर्यादा अंतराची. ५५ ग्रेनच्या गोळीची ऊर्जा दोनशे यार्डांवर निम्म्याच्या आसपास उतरते आणि ठरावीक वेगाखाली गोळी उमलत नाही. लहान गोळीने हरीण मरतच नाही, असे नाही. परंतु चुकीला जागा फार थोडी उरते व त्या चुकीची किंमत प्राणी मोजतो.

कायद्यातील मानके :

इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरीण अधिनियमाने हा विचार आकड्यांत बांधला. हरणासाठी ०.२४० इंचापेक्षा लहान व्यासाची अथवा १,७०० फूट-पौंडांहून कमी ऊर्जेची रायफल तेथे निषिद्ध असून गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच असावी लागते. भेकराच्या जातीतील लहान मुंटजॅक व चिनी जलहरीण यांच्यापुरती २००७ मध्ये सवलत मिळाली; त्यांच्यासाठी ०.२२० इंच व्यास, ५० ग्रेन वजन व १,००० फूट-पौंड ऊर्जा ही किमान मर्यादा ठरली.

भारतीय कायद्यातही असा विचार होता, हे आज बहुधा विस्मरणात गेले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या मूळ कलम १७ नुसार मोठ्या शिकारीचे प्राणी रायफलनेच मारावे लागत. छर्ऱ्याची बंदूक वापरायची तर परवान्यात तशी खास मुभा व एकच अखंड गोळी आवश्यक होती. सूर्यास्तानंतरची, वाहनातून केलेली व पाणवठ्यावरील शिकार सामान्यतः वर्ज्य होती. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवर सर्वसाधारण बंदी आली व निरुपयोगी झालेले हे कलम वगळले गेले. इंग्लंडने ज्या वर्षी गोळीचे नियम नव्याने संहिताबद्ध केले, त्याच वर्षी भारतात ते पुस्तकातून गेले.

परंतु मारणे पूर्णतः थांबले नाही. कलम ११ नुसार अनुसूची दोनमधील प्राणी उभ्या पिकास धोकादायक ठरल्यास लेखी व सकारण आदेशाने तो मारण्याची परवानगी देता येते. महाराष्ट्रात रोही व रानडुक्कर यांच्याबाबत या तरतुदीचा वापर झाला आहे. शस्त्र व गोळी यांविषयी हे कलम काहीही सांगत नाही. दुसरीकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी उल्लेख येतो तो ठासणीच्या बंदुकीचा. ती अपुरी वाटल्यास वीस इंच किंवा अधिक लांब नळीच्या, आटे नसलेल्या अन्य बंदुकीचा. ठासणीच्या बंदुकीचा नेम थोड्या अंतरापलीकडे भरवशाचा नसतो आणि जखमी प्राण्यावर तत्काळ दुसरी गोळी झाडता येत नाही. ज्या साधनाने जखमी करण्याची शक्यता सर्वाधिक, तेच साधन पीकसंरक्षणाच्या नावाने कायद्यात उरले आहे.

बार्शी परिसराच्या संदर्भात :

काळवीट व चिंकारा हे अनुसूची एकमधील प्राणी होत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतरही हे स्थान कायम आहे. अनुसूची एकमधील प्राण्यास पिकाच्या नुकसानीच्या कारणावरून मारण्याची परवानगी देता येत नाही. म्हणून बार्शीच्या शेतातील हरणासाठी योग्य गोळी कोणती, या प्रश्नाचे उत्तर 'कोणतीही नाही' असेच येते. तेथे कुंपण, सामूहिक राखण व वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई हेच मार्ग उरतात. भरपाईस होणारा विलंब हा केवळ कार्यालयीन दोष नव्हे. वीजप्रवाह सोडलेली तार व स्फोटक आमिष यांच्याकडे शेतकरी वळतो, त्यामागे हेही एक कारण असते. त्या तारेला हरीण, गुरे व माणूस यांतील भेद कळत नाही.

रोही व रानडुक्कर यांच्यासाठी प्रश्न खरा आहे. पण लहान व्यासाची गोळी त्यांना अपुरी पडते. शिवाय या भागाची भूमी सपाट आहे. साध्या ०.२२ च्या गोळीचा कमाल पल्लाही दीड किलोमीटरच्या आसपास असतो. मागे बांध किंवा टेकडीचा उतार नसताना झाडलेली गोळी माळावरील मेंढपाळापर्यंत किंवा शेजारच्या वस्तीपर्यंत जाऊ शकते.

समारोप :

शिकारीवरील बंदी योग्यच होती. मात्र बंदीबरोबर 'कसे मारावे' हा विचारही कायद्यातून निघून गेला आणि अपवादात्मक परवानगीच्या वेळी त्याची उणीव भासते. कलम ११ खालील प्रत्येक आदेशात शस्त्राचा प्रकार, गोळीची घडण, कमाल अंतर, गोळी अडविणारी पार्श्वभूमी, प्रशिक्षित नेमबाज व जखमी प्राण्याचा माग काढण्याची जबाबदारी यांचा उल्लेख असणे इष्ट आहे. यासाठी नवे तत्त्वज्ञान शोधण्याची गरज नाही. १९७२ च्या मूळ कलमात त्याचा पाया होता. ज्या प्राण्याला मारण्याची मुभा शासन देते, त्याच्या शेवटच्या काही मिनिटांचे उत्तरदायित्वही शासनाकडेच येते.