परवडणारी घरे आणि गुन्हेगारीची भीती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील एखाद्या उपनगरात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधण्याचा प्रस्ताव नियोजन मंडळापुढे आला की सार्वजनिक सुनावणीत आधी रहदारी, शाळांतील गर्दी, सांडपाणी आणि उरलीसुरली मोकळी जमीन यांवर बराच वेळ बोलले जाते, आणि मग बहुसंख्य लोक ज्या मुद्द्यासाठी आलेले असतात तो मुद्दा येतो: अशी घरे आली की गुन्हेगारी येते. हे विधान गेली पन्नासहून अधिक वर्षे जवळजवळ त्याच शब्दांत केले जात आहे. दरम्यान त्याची तपासणी एकदा नव्हे तर अनेकदा झाली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले, पण विधान करणाऱ्यांच्या खात्रीत त्यामुळे फरक पडलेला दिसत नाही. न्यू जर्सी राज्याच्या उपनगरांत मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे आणि या राज्यातील बहुतेक नगरपालिकांवर अशा घरांना वाव देण्याची कायदेशीर जबाबदारी असल्यामुळे हा वाद त्यांच्याही दारात आलेला आहे. म्हणून त्याच राज्यातील पुराव्यापासून सुरुवात करणे योग्य ठरते.

प्रथम ‘परवडणारे घर’ कोणासाठी असते ते पाहू. एखाद्या प्रदेशातील सर्व कुटुंबे उत्पन्नाच्या क्रमाने लावली असता बरोबर मधोमध येणाऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नाला मध्यक उत्पन्न म्हणतात. न्यू जर्सीच्या नियमांनुसार मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत कमावणारे कुटुंब ‘मध्यम’, ५० टक्क्यांपर्यंतचे ‘अल्प’ आणि ३० टक्क्यांपर्यंतचे ‘अतिअल्प’ उत्पन्नाचे मानले जाते, आणि या तिन्ही गटांसाठी घराचे भाडे किंवा किंमत ठरवून दिलेल्या मर्यादेत ठेवावी लागते. बालवाडीच्या शिक्षिका, रुग्णालयातील मदतनीस, दुकानातील कर्मचारी, एकट्या पेन्शनवर जगणारे वृद्ध हे या व्याख्येत बसणारे लोक होत. उपनगरात त्यांच्याकडून सेवा घेतली जाते आणि संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या गावी परत जावे अशी अपेक्षा असते, हे सुनावणीत सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

या वादाचे मूळ गाव म्हणजे फिलाडेल्फिया आणि कॅम्डन या शहरांजवळची माउंट लॉरेल ही टाउनशिप. तेथील कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्या गावात राहत होती, परंतु उपनगरीकरणाबरोबर जमिनीचे भाव चढले, जुनी घरे मोडकळीस आली आणि त्यांच्या मुलांना गावात राहणे अशक्य होऊ लागले. त्यांनी ३६ साध्या सदनिकांची परवानगी मागितली. टाउनशिपच्या झोनिंगमध्ये, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय आणि किती दाट बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांत, अशा सदनिकांना जागा नव्हती आणि ती करून देण्याची इच्छाही नव्हती. १९७० मध्ये गावातील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये येऊन महापौरांनी, ज्यांना येथे राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे, अशा आशयाचे उत्तर दिले. १९७१ मध्ये खटला दाखल झाला. त्यातील प्रमुख फिर्यादी एथेल लॉरेन्स या बालसंगोपन केंद्रात शिकवत असत. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की विकसनशील नगरपालिकेने आपल्या जमीनवापराच्या नियमांतून संपूर्ण प्रदेशाच्या गरजेतील आपला न्याय्य वाटा उचलला पाहिजे. नगरपालिकांनी टाळाटाळ केल्यावर १९८३ मध्ये न्यायालयाने हाच निकाल अधिक कडक केला आणि १९८५ मध्ये राज्याचा गृहनिर्माण कायदा झाला. तरीही माउंट लॉरेलमध्ये प्रत्यक्ष घरे उभी राहिली ती २००० मध्ये. लॉरेन्स यांचे १९९४ मध्येच निधन झाले होते. वसाहतीला त्यांचे नाव देण्यात आले. पहिल्या टप्प्यात १०० घरे झाली, पुढे त्यांत ४० घरांची भर पडली.

भीतीची परीक्षा घेण्यासाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण आहे, कारण विरोध उघड होता, भाकिते नोंदलेली होती आणि घरांत राहायला आलेल्यांत मध्यक उत्पन्नाच्या जेमतेम १० टक्के कमावणारी कुटुंबेही होती. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वसाहतीचा अभ्यास करून २०१३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत अशी होती की वसाहत होण्यापूर्वीचे आणि नंतरचे गुन्ह्यांचे दर, घरांच्या किमती आणि मालमत्ता कर यांची केवळ गावापुरती तुलना न करता, त्याच परिसरातील पण अशी वसाहत न झालेल्या सारख्याच टाउनशिपमधील आकडे शेजारी ठेवायचे, म्हणजे देशभर होत असलेला बदल आणि वसाहतीमुळे झालेला बदल वेगवेगळे ओळखता येतात. या काळात गुन्हे सगळीकडेच कमी होत होते. माउंट लॉरेलमध्येही ते तसेच कमी झाले, आणि वसाहत आल्यानंतर त्या उताराला खीळ बसल्याचे चिन्ह आढळले नाही. घरांच्या किमती आणि कर यांबाबतही निष्कर्ष हाच निघाला. लगतच्या पांढरपेशा वस्त्यांत पाहणी केली तेव्हा आपल्या शेजारी परवडणाऱ्या घरांची वसाहत आहे हेच जवळपास एकतृतीयांश रहिवाशांना ठाऊक नव्हते. ज्या वसाहतीमुळे गावाचा ऱ्हास होईल असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, ती दहा वर्षांनी एवढ्या शेजाऱ्यांच्या लक्षातही येऊ नये, याला भाकीत चुकणे म्हणतात. पण चुकलेल्या भाकिताचा जाब विचारण्यासाठी सुनावणी घेण्याची प्रथा नाही.

या अभ्यासावर एक रास्त आक्षेप घेता येतो. सुमारे ४० हजार लोकवस्तीच्या टाउनशिपमध्ये १४० घरांचा परिणाम, झाला असला तरी, एकूण दरात बुडून जाऊ शकतो. म्हणून अधिक मोठ्या आणि अधिक जवळून घेतलेल्या मोजमापांकडे पाहावे लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रेबेका डायमंड आणि टिम मॅक्वेड यांनी १२९ काउंटींतील करसवलतीच्या योजनेखाली बांधलेल्या घरांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. ही योजना १९८६ पासून चालू असून तीत बिल्डरला ठरावीक भाडेमर्यादा पाळण्याच्या बदल्यात केंद्रीय करात सूट मिळते. अल्प उत्पन्नाच्या वस्तीत अशी इमारत आली तर एक दशांश मैलाच्या आतील घरांच्या किमती सुमारे ६.५ टक्क्यांनी वाढतात आणि गुन्हे कमी होतात, असे त्यांना आढळले. श्रीमंत वस्त्यांत मात्र, जेथे अल्पसंख्याक लोक थोडे आहेत तेथे, किमती सुमारे २.५ टक्क्यांनी घटल्या, पण गुन्हे वाढले नाहीत. श्रीमंत वस्तीतील मालकाला थोडा आर्थिक तोटा संभवतो हे यावरून मान्य करावे लागते. तो तोटा चोर-दरोडेखोर आल्यामुळे झाला असे मात्र म्हणता येत नाही.

आता ज्या लेखाचा दाखला या वादात सर्वाधिक दिला जातो त्याकडे वळू. २००८ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात हॅना रोझिन यांचा मेम्फिस शहरावरील लेख आला. त्यात वर्णन होते ते एका नकाशाचे: गुन्ह्यांच्या नकाशावर भाडेमदत व्हाउचर मिळालेल्या कुटुंबांच्या घरांचा नकाशा ठेवला असता दोन्ही बरेचसे जुळले. व्हाउचर योजनेत कुटुंब आपल्या उत्पन्नाचा साधारण ३० टक्के भाग भाड्यापोटी देते आणि उरलेले भाडे, ठरावीक मर्यादेपर्यंत, सरकार थेट घरमालकाला देते, त्यामुळे कुटुंब खाजगी बाजारात घर शोधू शकते. नकाशे जुळले, म्हणून व्हाउचरधारकांनी गुन्हे आणले, असा अर्थ अनेकांनी काढला. परंतु व्हाउचर घेणारे घरमालक बहुतांशी तेथेच मिळतात जेथे भाडी उतरलेली असतात, आणि भाडी बहुधा तेथेच उतरतात जेथे वस्ती आधीच बिघडू लागलेली असते. इन्ग्रिड गुल्ड एलेन, मायकेल लेन्स आणि कॅथरीन ओ’रीगन यांनी दहा मोठ्या शहरांतील आकडे काळाच्या क्रमाने तपासून २०१२ मध्ये दाखवले की व्हाउचरधारक आल्यानंतर गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळत नाही; उलट ज्या वस्त्यांत गुन्हे वाढू लागले आहेत तेथे व्हाउचरधारक नंतर पोचतात, याचा पुरावा अधिक भक्कम आहे. रुग्णालयांत आजारी माणसे जास्त आढळतात म्हणून रुग्णालये आजार पसरवतात असे म्हणण्याइतकाच तो मूळ निष्कर्ष घाईचा होता. लेख आजही फिरतो, उत्तर मात्र संशोधनपत्रिकेत पडून आहे.

भीतीला कोठेच आधार नाही, असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिकागो आणि अटलांटा येथील मोठ्या सरकारी वसाहती पाडून तेथील कुटुंबांना व्हाउचर देऊन इतरत्र हलवले गेले, तेव्हा काय झाले याचा अर्बन इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केलेला २०१२ चा अभ्यास दोन्ही बाजूंनी वाचावा असा आहे. दोन्ही शहरांत एकंदर परिणाम गुन्हे कमी होण्याचा झाला आणि बहुतेक वस्त्यांत स्थलांतरित कुटुंबांमुळे काही बिघडले नाही. परंतु ज्या थोड्या वस्त्यांत अशी कुटुंबे एका मर्यादेपलीकडे दाटीने येऊन राहिली, तेथे गुन्ह्यांची घट जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. म्हणजे निर्णायक गोष्ट गरिबांचे येणे ही नसून त्यांची एकाच जागी होणारी दाटी ही आहे. झोनिंगच्या आधारे दहा उपनगरे त्यांना दारे बंद करतात तेव्हा ही दाटी अकराव्या ठिकाणी होते, आणि पुढे त्याच अकराव्या ठिकाणाचे उदाहरण दहा उपनगरांच्या सुनावण्यांत दिले जाते.

सेंट लुइसच्या प्रुइट-आयगो वसाहतीचे नाव या संदर्भात हटकून घेतले जाते. अकरा मजल्यांच्या ३३ इमारतींची ही सरकारी वसाहत १९५०च्या दशकाच्या मध्यास उभी राहिली आणि १९७२ पासून ती पाडण्यास सुरुवात झाली. मात्र तेथे देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून काढायचा होता, तर उत्पन्न वाढलेल्या कुटुंबाला बाहेर पडावे लागे आणि शहराची लोकसंख्या घटत असल्याने घरे रिकामी राहत. भाडे आटले तशी देखभालही आटली. माउंट लॉरेलच्या दुमजली घरांशी या व्यवस्थेचे साम्य काय, हा प्रश्न विचारला की चर्चा सहसा रहदारीकडे परत जाते.

मग खात्री एवढी पक्की का? एक कारण असे की लोकांचा गुन्ह्यांविषयीचा समज गुन्ह्यांच्या मागोमाग चालत नाही. एफबीआयच्या आकडेवारीनुसार १९९३ ते २०२२ या काळात अमेरिकेतील हिंसक गुन्ह्यांचा दर जवळपास निम्मा झाला, आणि गॅलपच्या पाहण्यांत याच काळातील बहुतेक वर्षी बहुसंख्य लोकांनी देशातील गुन्हे गतवर्षीपेक्षा वाढल्याचे सांगितले. दुसरे असे की उपनगरात गरीब नाहीत ही समजूतच जुनी झाली आहे. २०००च्या दशकात अमेरिकेच्या महानगरांतील उपनगरी गरिबांची संख्या शहरी गरिबांहून अधिक झाली. ब्रुकिंग्ज संस्थेसाठी एलिझाबेथ नीबोन आणि स्टीव्हन राफेल यांनी केलेल्या अभ्यासात १९९० ते २००८ या काळात शहरांत आणि उपनगरांत गुन्हे घटल्याचे, तसेच वस्तीतील गरिबीचे प्रमाण आणि गुन्हे यांच्यातील संबंध सैल होत गेल्याचे दिसले. भीती खरी असती तर हे आकडे उलट्या दिशेने जायला हवे होते. आणि तिसरे कारण, जे माउंट लॉरेलच्या इतिहासात उघड आहे पण सभ्य भाषेत झाकले जाते, ते म्हणजे ‘गुन्हेगारी’ हा शब्द अनेकदा येणाऱ्या माणसांच्या वर्णाऐवजी वापरला जातो.

किरकोळ गैरसमजांसाठी फार जागा खर्च करण्याचे कारण नाही. ही घरे फुकट असतात, हे खोटे आहे. भाडे भरावे लागते आणि अर्जदाराच्या उत्पन्नाची कागदोपत्री छाननी होते. ती चार-दोन वर्षांत खुल्या बाजारात विकून नफा मिळवता येतो, हेही खोटे आहे. न्यू जर्सीत खरेदीखतातील निर्बंध दशकानुदशके लागू राहतात. गरीब कुटुंब कोठेही राहिले तरी मुलांच्या वाट्याला तेच येते, ही समजूत राज चेट्टी, नॅथनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांच्या २०१६ च्या निष्कर्षांपुढे टिकत नाही: १९९४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी प्रयोगात तेराव्या वर्षाच्या आत कमी गरिबीच्या वस्तीत गेलेल्या मुलांचे तरुणपणीचे उत्पन्न तुलनागटापेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक निघाले.

जबाबदारी पैसे देऊन टाळता येते, हा समज मात्र एकेकाळी खरा होता. १९८५ च्या कायद्याने नगरपालिकेला आपल्या वाट्याच्या घरांपैकी निम्मी घरे, पैशासह, दुसऱ्या नगरपालिकेकडे सोपवण्याची मुभा दिली होती, आणि घेणारी गावे बहुधा आधीच गरीब असलेली शहरे असत. म्हणजे ज्या दाटीचे भय दाखवून घरे नाकारली जात होती, ती दाटी वाढवण्यासाठी उपनगरे रोख रक्कम मोजत होती. २००८ मध्ये ही मुभा रद्द झाली. मार्च २०२४ मध्ये झालेल्या नव्या कायद्यानुसार २०२५ ते २०३५ या दहा वर्षांच्या फेरीत राज्यात सुमारे ८५ हजार नव्या घरांची गरज धरण्यात आली असून तिचे वाटे नगरपालिकांना कळवण्यात आले आहेत, आणि ते वाटे इतरांच्या गळ्यात घालण्याची तरतूद या कायद्यात नाही.