शिकलेला मतदार म्हणजे कोण?

निवडणूक जवळ आली की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘अडाण्यांना मताचा अधिकार दिला, म्हणून देशाची ही दशा झाली!’ असे बोलणाऱ्यांत आता आमचे पदवीधर, नोकरदार बांधवही असतात, याची खंत वाटते. निरोगी लोकशाहीला शिकलेला मतदार लागतो, हे आम्हाला मान्य आहे. पण शिकलेला म्हणायचे कोणाला?

इंग्रजी अमलात मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून मताचा अधिकार मिळत असे. ज्यांना शाळेचे दार बंद, त्यांना मतपेटीचेही दार बंद! १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने तो सर्वांना दिला. शिक्षण ही मताची अट नव्हे. मताच्या बळावर शिक्षण मिळवायचे, हा त्याचा अर्थ आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटेसे गाव. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाने दिली, पण केवळ घोषणेवर ते थांबले नाही. गावात अभ्यास गट चालवला, कायदे वाचून घेतले, समजेपर्यंत चर्चा केली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना मिळेना. १९२७ च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता. २००६ च्या कायद्याच्या कलम २ मध्ये तो गौण वनोपज आहे. गावाने हा एक शब्द धरून ठेवला. एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१७ मध्ये संसदेने ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू वगळलाच.

आता आमचे उदाहरण घ्या. एक एम.ए. झालेला तरुण वनहक्काचा दावा फेटाळल्याचे पत्र घेऊन आमच्याकडे आला. वरच्या समितीकडे दाद मागायला साठ दिवस असतात. त्यातले चारच उरले होते. पत्र त्याने नीट वाचलेच नव्हते. सोबत आलेली त्याची निरक्षर आजी मात्र विचारत होती, ‘वकीलसाहेब, पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा आमच्यालाच काहून मागतेत?’

आजीचा प्रश्न अचूक होता. आमचे बौद्ध बांधव अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा, रहिवास त्यांना सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या आजोबांच्या नावे सातबाराही नव्हता, त्यांनी पुरावा आणायचा कोठून? ही अट घातली संसदेने, आणि संसद निवडली आपण. मग मत मागायला आलेल्या किती उमेदवारांना आपण हा प्रश्न विचारला?

त्या घरात शिकलेला मतदार कोण, हे वाचकांनीच ठरवावे. मत हे पाच वर्षांचे वकीलपत्र आहे. न वाचता त्यावर सही करणारा पदवीधर आणि पाचशेच्या नोटेवर ते देऊन टाकणारा गरीब, दोघेही सारखेच फसतात. गरिबाला निदान पोटाची सबब असते, पदवीधराला कोणती?

आमची सूचना साधी आहे. उमेदवाराला मालमत्ता, गुन्हे व शिक्षण यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि ते सर्वांना पाहता येते. निवडणुकीपूर्वी प्रत्येक विहारात एक संध्याकाळ त्याचे जाहीर वाचन करा. शिकलेल्यांनी वाचावे, न शिकलेल्यांनी प्रश्न विचारावेत. वनहक्क, पेसा आणि ग्रामसभेचे अधिकार यांवर महिन्यातून एक बैठक घ्या. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या भूमीवर आपण लाखोंनी जमतो, पुस्तके विकत घेतो. त्या पुस्तकांत वनहक्क कायद्याचीही एक प्रत असू द्या.

जयभीम!