उलटा केला तरी तोच शब्द

डग्लस हॉफस्टॅडर यांचं ‘अँबिग्रामिया’ येल युनिव्हर्सिटी प्रेसने २०२५ मध्ये आणलं. ‘गोडेल, एशर, बाख’साठी १९८० चं पुलित्झर मिळवणारा, माणूस विचार कसा करतो याचा आयुष्यभर शोध घेणारा हा अभ्यासक. त्याने उलटेसुलटे वाचता येणाऱ्या शब्दांवर अख्खं पुस्तक का लिहावं? माझं उत्तर सरळ आहे. अशा शब्दांत, म्हणजे अँबिग्राममध्ये, कागदावर जेवढं घडतं, त्याहून जास्त वाचणाऱ्याच्या डोक्यात घडतं.

काही गोष्टी आपोआप जमून येतात. इंग्रजी आकड्यांत १९६१ लिहा आणि कागद उलटा धरा, तेच साल दिसतं. ‘मॅड’ मासिकाने मार्च १९६१ चं मुखपृष्ठ त्यावरच केलं होतं. असं पुढचं साल थेट ६००९. शब्दांचंही तसंच. आयते सापडणारे थोडे, बाकीचे घडवावे लागतात.

ते घडवण्याची वाट स्कॉट किम आणि जॉन लँग्डन या दोघा अमेरिकनांनी १९७० च्या दशकात आपापली, एकमेकांना न विचारता शोधली. किमचं ‘इन्व्हर्जन्स’ हे पुस्तक १९८१ चं. लँग्डनचं काम जगभर गेलं ते डॅन ब्राउनच्या ‘एंजल्स अँड डीमन्स’मुळे. २००० सालच्या त्या कादंबरीतली ‘इल्युमिनाटी’ची अक्षरं त्याची, आणि नायक रॉबर्ट लँग्डन याला आडनावही त्याच्यावरूनच मिळालं. त्यानंतर या कलेला गूढ संघटना आणि दंडावरच्या टॅटूंचा जो वास लागला, तो मला खटकतो. व्हॉन प्रॅट या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकाने सन मायक्रोसिस्टिम्ससाठी केलेलं बोधचिन्ह आठवा. ‘सन’ हा शब्द चारही बाजूंनी वाचता येतो, आणि त्यातला ‘एस’ हा ‘यू’ आणि ‘एन’च्याच रेघांतून उभा राहतो. त्यात गूढ काही नाही, निव्वळ स्वच्छ विचार आहे.

कृती अशी. शब्द लिहायचा, त्याखाली तोच उलटा धरून लिहायचा. पहिल्या अक्षराची गाठ शेवटच्याशी पडते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी. इंग्रजीत ‘बी’ उलटून ‘क्यू’ होतो, ‘डी’चा ‘पी’, ‘एन’चा ‘यू’. जिथे अशी जोडी जुळत नाही तिथे तडजोड सुरू होते. एखादी रेघ एका बाजूने अक्षराचा कणा ठरते, तीच दुसऱ्या बाजूने नुसती नक्षी वाटावी लागते. लँग्डनने ‘इल्युमिनाटी’साठी जुनं गॉथिक वळण घेतलं, कारण त्या अक्षरांत मुळातच तुटक, टोकदार फटकारे भरपूर असतात. चार जास्त असले तरी कुणी हरकत घेत नाही. शिवाय रुंद टाकाने काढलेल्या रेघेची जाडी तिच्या दिशेवर ठरते, आणि अर्धा फेरा फिरवल्यावर रेघेची दिशा बदलत नाही. त्यामुळे जाड-बारीकपणा दोन्हीकडून अस्सल दिसतो. आपल्या बोरूलाही हाच नियम लागू आहे.

मग देवनागरीत हे कसं जमायचं? पहिली अडचण शिरोरेखेची. वाचनाचे अभ्यासक एडमंड ह्यूई यांनी १९०८ मध्येच नोंदवलं होतं की रोमन ओळीचा वरचा अर्धा भाग दिसला तरी वाचता येतं, खालच्या अर्ध्यावरून अडखळायला होतं. खालच्या भागात थोडी लबाडी खपते ती त्यामुळे. आपल्या अक्षरांची ओळख मात्र रेषेच्या खाली लटकलेली असते. शब्द उलटा केला की रेषा पायाशी येते आणि ओळख डोक्यावर जाते. यावर मला पटणारा उपाय म्हणजे वर-खाली दोन्हीकडे रेघ. शीर्षकाखाली रेघ मारायची सवय आपल्याला शाळेपासून आहे, त्यामुळे खालची रेघ डोळा सहज सोडून देतो.

पुढची गंमत काना-मात्रांची. काना उलटला तरी कानाच राहतो, फक्त उजवीकडचा डावीकडे जातो. म्हणजे तो शेजारच्या अक्षराला उसना देता येतो. वरची मात्रा खाली जाऊन उकाराच्या जागी बसते. अनुस्वाराचं टिंब पायाशी गेलं की मराठी वाचकाला ती नक्षी वाटते. जोडणीच्या इतक्या शक्यता रोमन लिपीत मला दिसत नाहीत.

उलटसुलट वाचनाची हौसही आपल्याला नवी नाही. पार्थपूरचे दैवज्ञ सूर्यपंडित सोळाव्या शतकातले. पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातलं पाथरी, असं मानतात. त्यांचं ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सरळ वाचलं तर रामकथा सांगतं आणि उलट वाचलं तर कृष्णकथा. तिथे फिरतो तो अक्षरांचा क्रम, इथे त्यांचा आकार.

आता हे काम संगणकही करू लागला आहे. जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये चित्रं तयार करणाऱ्या डिफ्यूजन पद्धतीच्या एआय मॉडेलकडून अँबिग्राम काढून घेतले. त्यात एक अक्षर एका बाजूने, दुसरं उलट बाजूने, अशा जोड्या आहेत. काम चांगलं आहे. पण उत्तम अँबिग्राम अक्षराची हद्द मोडतो. सरळ वाचताना दीड अक्षराला पुरलेला आकार उलट्या बाजूने एका अक्षराला पुरतो, आणि हा निर्णय सबंध शब्द डोळ्यांसमोर ठेवूनच घेता येतो.

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना एकेक चेहरा दिला, र. कृ. जोशींनी ‘मंगल’सारखा फाँट घडवला. ही परंपरा पुढे नेणाऱ्या कला महाविद्यालयांनी सुलेखनाच्या वर्गात देवनागरी अँबिग्राम हा एक स्वाध्याय म्हणून द्यावा. घरी करून बघायचा असेल तर काना असलेल्या अक्षरांचं एखादं नाव निवडा, ट्रेसिंग पेपर घ्या, आणि जमलेला शब्द ते नाव माहीत नसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी वाचायला द्या. त्याने न अडखळता वाचला तरच तो जमला असं समजा.